नाकलची बरणी

तृप्ती मेश्राम जिना चढली तेव्हा तिच्या पिशवीत एक फुटकी बाटली होती, आणि ही बाटली आपल्याला तुरुंगात नेणार याबद्दल तिच्या मनात काही शंका उरली नव्हती.

भंडाऱ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर ती खोली होती. बाहेर पाटी : 'रुखमिणी सोनकुसरे, खासगी चौकशी'. रुखमिणीताईंनी एका विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. आता त्या बहुतेक नवऱ्या मुलांची चौकशी करत. तृप्तीच्या मोठ्या बहिणीला पाहायला आलेला 'इंजिनिअर' प्रत्यक्षात शोरूममध्ये गाड्या धुतो, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. तेव्हापासून मेश्रामांच्या घरी त्यांचं नाव आदराने आणि जरा धाकाने घेतलं जाई.

"अंकुश, पाणी दे पोरीले," ताई म्हणाल्या. "घामानं भिजून आली ते."

अंकुश हा त्यांचा भाचा. जुनी मारुती चालवायची, चहा आणायचा, आणि मावशीने जे केव्हाच ओळखलंय ते मागाहून स्वतः शोधल्यासारखं सांगायचं, ही त्याची कामं. मनाने मात्र सोन्यासारखा. त्याने पाणी दिलं आणि पंखा तिच्याकडे वळवला.

तृप्तीने कागदात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली. तपकिरी काच, बुडाला आडवी चीर. चिरेतून अजून पाणी झिरपत होतं.

"वरठीले आमची प्रयोगशाळा हाये, ताई. लग्नात पाण्याचे जार आणतात ना, त्या प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल नावाचं रसायन पाण्यात उतरते. किती उतरलं ते मोजून राहिलो आम्ही. पण मोजायचं तं आधी माप खरं पाहिजे."

"किराण्याच्या दुकानात काटा तपासाले खरं वजन लागते, तसं?"

"तसंच. त्याले स्टँडर्ड म्हणतात. बिस्फेनॉलची पावडर बारीक काट्यावर तोलायची, मेथॅनॉल नावाच्या स्पिरिटमध्ये विरघळवायची, फ्लास्कच्या खुणेपर्यंत भरायची. सगळं काचेत. प्लॅस्टिक लागलं की संपलं, तेच बिस्फेनॉल सोडते. शनिवारी मी अर्धा लिटर बनवलं. पाच कॉलेजांना त्यातूनच वाटायचं होतं, म्हणजे सगळ्यांचं माप एक. बाटली डीप फ्रीजरमध्ये ठेवली अन् घरी गेली. आज सोमवारी झाकण उघडलं तं बाटलीत बर्फ. काच तडकलेली."

"फ्रीजरमध्ये बर्फ नाही होणार तं काय भजे होतील?" अंकुश म्हणाला.

"मेथॅनॉल गोठत नाही, दादा. आमच्या फ्रीजरमध्ये तं कधीच नाही."

ताईंनी बाटली उजेडात धरली. "म्हणजे हे पाणी हाये. तुझं द्रावण कोणीतरी काढून नेलं, अन् पाणी भरून ठेवलं."

"आमचे सर म्हणतात, तूच नेलं." तृप्तीचा आवाज फुटला. "निवडणूक हाये. पोलिसांनी गावोगावच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या, थेंब मिळून नाही राहिला कुठं. सर म्हणतात, तू मेथॅनॉल दारूवाल्याले विकलं. संध्याकाळी पोलिसांत देतो म्हणाले. माझे बाबा स्टील कारखान्यात उभे राहून राहून पाय सुजवून घेतात, ताई. त्यांच्या दारात पोलीस आले तं..."

"ते पिलं तं काय होते?"

ताईंचा प्रश्न इतका शांतपणे आला की तृप्तीने आधी त्याचं सरळ उत्तर दिलं.

"आंधळा होते माणूस. नाही तं मरते. अर्ध्या लिटरमध्ये तं दहा जणं..."

"वास?"

"दारूसारखाच."

बोलता बोलता ती थांबली. सकाळपासून ती स्वतःसाठी भीत होती. आता कळलं की ती भीती अगदीच लहान होती. तिच्या हाताने तोललेलं, ढवळलेलं, खुणेपर्यंत नेमकं भरलेलं ते विष या क्षणी कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी बाटलीत उभं होतं. कदाचित शेजारी पेलाही असेल.

ताई उठून उभ्या राहिल्या होत्या. "चोर मागाहून पाहू. आधी बाटली. अंकुश, गाडी काढ."

*

वरठी स्टेशनजवळच्या त्या दोन खोल्यांत तृप्तीचे सर, डॉक्टर कुंदन हे सर्वेसर्वा. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या नावाला जिवापाड जपणारा. खासगी चौकशीवाली बाई पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"चौकशी काय करायची त्यात? बाटली हिने भरली, हिने ठेवली. मी शनिवार-रविवार नागपुरात होतो."

"मेथॅनॉल आणखी कुठं असते तुमच्याकडे?"

डॉक्टरांनी कपाट दाखवलं. उघडंच होतं. आत मोठ्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर छापील अक्षरांत पूर्ण नाव आणि त्याखाली धोक्याची कवटी. सगळ्या भरलेल्या, सगळ्यांची सीलं शाबूत.

"यातली एकही नाही गेली?"

"एकही नाही."

"असं." ताई कपाटासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. "अन् तृप्ती, तुझ्या बाटलीवर काय लिहिलं होतं?"

फुटक्या बाटलीवरची चिठ्ठी ओलसर झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. "वर बी-पी-ए, म्हणजे बिस्फेनॉल. खाली मेथॅनॉलची खूण. एम, ई, ओ, एच. सगळे तसंच लिहितात, ताई. पूर्ण नाव कोणी नाही लिहीत."

"कवटी?"

"हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर कोण काढते?"

चौकशीला पहिली मोनिका आली. तृप्तीच्याच वर्गातली, आणि तृप्तीच्या जागेवर डोळा असलेली, असं तृप्तीला तरी वाटे. मोनिका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"शनिवारी तू घरी कधी गेली?"

"दुपारीच."

"खोटं," दारातून पहारेकरी बाबूलाल म्हणाला. "पुन्हा आलती. डबा घेऊन आलती."

मोनिका लाल झाली. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कळलं ते एवढंच : घरी वीज नव्हती, भावाच्या वाढदिवसाची कुल्फी वितळत होती, आणि तिने ती नियम मोडून रसायनांच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती.

"बिस्फेनॉलच्या शेजारी!" डॉक्टर ओरडले.

"चव कशी लागली?" अंकुशने विचारलं. ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

बाबूलालची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी हळूच सुचवलं की हा एके काळी खूप पीत असे. बाबूलालने गळ्यातली तुळशीची माळ पुढे ओढली.

"माळ घातल्यापासून थेंब नाही घेतला, जी. किल्ल्या माझ्याजवळ असतात हे खरं. पण शनिवारी दार उघडंच होतं, हे सगळे येऊन-जाऊन राहिलते. मले तं इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. कोणत्या बाटलीत काय, मले काय समजते?"

तृप्ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. एकेका प्रश्नाबरोबर तिच्या डोळ्यांपुढे पेला येत होता. कोण भरतंय, कोणाच्या ओठांपर्यंत जातोय, ते दिसत नव्हतं. नुसता पेला.

शेवटी जीपचा चालक देवाजी. गावोगावचे पाण्याचे नमुने आणणं हे त्याचं काम. तो आधीच निघायच्या तयारीत होता. जीपच्या मागच्या बाजूला पाय बांधलेला कोंबडा पडला होता, शेजारी नारळ, झेंडूची फुलं, अगरबत्ती.

"आज देव हाये आमचा, शेतावरची पूजा," तो म्हणाला. "आंधळगावले जायचं. सरांनी सुट्टी देली. माय वाट पाहून राहिली."

"सगळं सामान भेटलं का?" ताईंनी विचारलं.

"हो जी."

"सगळं?"

देवाजीने मान हलवली आणि कोंबड्याकडे पाहिलं. "शनिवारचं विचारता ना? मी खडकीच्या तलावाचे नमुने आणले. फ्रीजमध्ये ठेवले. नाकलची बरणी तेवढी बाजूले सरकवली, बाकी कायलेच हात नाही लावला. जाऊ का, जी? देव खोळंबला."

"जा," डॉक्टरच म्हणाले. "त्याला कशाला अडवता? चौथी शिकलेला माणूस. जीपची पाटी वाचता येते, तेवढंच इंग्रजी."

जीप गेली. तिची धूळ फाटकाबाहेर बसेपर्यंत ताई तिकडेच पाहत होत्या.

"नाकल काय असते?" अंकुशने विचारलं. "रसायन हाये का?"

कोणालाच माहीत नव्हतं. अंकुश आपला आतल्या खोलीत बरण्या धुंडाळू लागला. कोपऱ्यात आडवा, पेटीसारखा डीप फ्रीजर होता, त्याच्या शेजारी कपाटासारखा उभा फ्रीज. डीप फ्रीजरच्या झाकणावर एक मोठी बरणी होती. अंकुशने तिच्यावरची अक्षरं बोटाने एकेक करून वाचली.

"एन, ए, सी, एल. ना... कल. मावशी! नाकल सापडलं!"

"ते मीठ हाये, दादा," तृप्ती म्हणाली, आणि एवढ्या भीतीतही तिला हसू फुटणार होतं. "सोडियम क्लोराइड. मिठाची खूण."

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. तृप्तीने त्यांना घाबरलेलं आज पहिल्यांदा पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं.

"पाण्याचे नमुने कोणत्या फ्रीजमध्ये ठेवता?"

"या उभ्या. डीप फ्रीजरमध्ये गोठून फुटतील ना."

"अन् ही बरणी नेहमी इथंच असते? झाकणावर?"

"हो."

"डॉक्टर, देवाजीले फोन लावा. लावत राहा. अन् गाडीत बसा. सगळे नाही, तुम्ही अन् तृप्ती. अंकुश, आंधळगाव. जेवढी पळते तेवढी पळव."

*

फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. जीपच्या खडखडाटात त्याला ऐकू तरी काय येणार! डॉक्टरांनी मग प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन केला. बोलताना त्यांचा आवाज चिरकला. रेल्वेच्या बंद फाटकापुढे वीस मिनिटं गेली, मग मारुती मोहाडीच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे धानाच्या शेतांच्या बांध्या उन्हाळ्याने कोरड्या पडलेल्या, मधूनमधून पळस. तृप्तीने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"पण तो चौथी शिकलेला माणूस आहे," डॉक्टर पुन्हा म्हणाले. "त्याला मेथॅनॉल काय ठाऊक?"

"नाही ठाऊक, म्हणूनच तं पळून राहिलो," ताई म्हणाल्या. "ऐका. ज्याले मेथॅनॉल पाहिजे होतं, तो कपाटातली मोठी बाटली उचलेल. उघडं कपाट, भरल्या बाटल्या. पण त्यांच्यावर कवटी होती. त्या सोडून चोरानं हातानं लिहिलेली लहान बाटली घेतली. म्हणजे त्याले मेथॅनॉल नको होतं. बाटलीत काहीतरी दुसरंच हाये असं तो समजला."

"मोनिका?" अंकुश म्हणाला.

"मोनिका शिकलेली हाये. चोरी लपवायसाठी तिनं फ्रीजरमध्ये पाणी नसतं भरलं, पाणी फुगते अन् काच फोडते हे तिले समजते. डॉक्टरांनी नाही, तृप्तीनं नाही. चोरानं काय पाहिलं? या पेटीत बाटली हाये अन् आतलं गोठलं नाही. मंग आपलं पाणीही गोठणार नाही. त्यानं नळाखाली काठोकाठ भरली."

"मंग बाबूलाल?"

"तुझं लक्ष कुठं होतं? बाबूलालले अक्षर येत नाही. अन् चोर वाचून फसला. वाचता येते, पण रसायनाच्या खुणा माहीत नाहीत, असा माणूस पाहिजे. खूण हाये हे न समजता सरळ शब्द म्हणून वाचणारा. एन-ए-सी-एल पाहून 'नाकल' म्हणणारा. अन् नमुने उभ्या फ्रीजमध्ये ठेवले, मंग डीप फ्रीजरच्या झाकणावरची बरणी काहून सरकवली त्यानं? डीप फ्रीजर उघडाले. आपल्याच तोंडानं सांगून गेला अन् मी जाऊ देलं त्याले." त्यांनी कपाळावर हात मारला. "आता तुझी चिठ्ठी वाच, तृप्ती. चौथीवाल्यासारखी वाच."

तृप्तीने ती डोळ्यांपुढे आणली. तिचंच सुबक अक्षर. एम, ई, ओ, एच. मे... ओ... ह.

"मोह," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज ओळखू आला नाही.

"मोह," ताई म्हणाल्या. "साऱ्या जिल्ह्यात भट्ट्या बंद. अन् त्याले वाटलं, डॉक्टरसाहेब आपल्या फ्रीजरमध्ये मोहाची थंड करून ठेवून राहिले, वर चिठ्ठी लावून. बूच काढून वास घेतला असन, तं वासही दारूचा. कोंबडा होता जीपमध्ये, नारळ होता, फुलं होती. मी विचारलं, सगळं भेटलं का? तो हो म्हणाला. शेतावरच्या देवाले मोहाची धार द्यावी लागते. ती त्याले कुठून भेटली, या निवडणुकीत?"

"धार तर जमिनीवर ओततात," डॉक्टर म्हणाले. ते बुडत्यासारखे काहीतरी धरू पाहत होते.

"पहिली धार देवाची. मंग साऱ्यांना द्रोणातून तीर्थ. म्हाताऱ्यांना आधी."

मोहाडी मागे पडली. बैलगाडी आडवी आली तेव्हा अंकुशने एवढा जोरात भोंगा वाजवला की बैल बुजले. तृप्ती मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती : अजून नाही, अजून नाही, अजून नाही.

*

गावाबाहेर शेताच्या बांधावर पळसाखाली माणसं बसली होती. देवाजीची जीप जवळच उभी होती. कोंबड्याचं आटोपलं होतं. शेंदूर फासलेल्या दगडापुढे ऊद जळत होता, आणि प्रत्येकाच्या हातात पानाचा द्रोण होता.

तृप्ती गाडी थांबायच्या आत उतरली. ती पडली, उठली, पळाली.

"पिऊ नका! कोणी पिऊ नका! विष हाये!"

तोंडाशी द्रोण नेलेला एक म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. तिने झडप घालून त्याच्या हातातला द्रोण उडवला. त्याच्या धोतरावर सांडलं, तिच्या हातांवर सांडलं. तिने हात नाकाशी नेला.

गूळ. गुळाचं पाणी.

"काय झालं, पोरी?" म्हातारा रडकुंडीला येऊन म्हणाला. "गुळाच्या पाण्यात काय विष?"

देवाजी उठून उभा राहिला होता. ताईंनी त्याचा दंड धरला. "प्रयोगशाळेतून नेलेली बाटली कुठं हाये? बोल!"

देवाजीने ताईंकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. त्याने दगडाकडे बोट दाखवलं. तिथे, देवाच्या मागे, शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली उभी होती. जवळजवळ भरलेली. तृप्तीचे डोळे त्या कमी झालेल्या भागावर खिळले.

"थोडं कमी हाये," ती पुटपुटली. "कोणी... कोणी पिलं?"

"कोणी नाही," दगडाजवळून आवाज आला. देवाजीची आई जानकीबाई बसली होती. तिच्या बोटाला हळदीची चिंधी बांधली होती. तिने तृप्तीला जवळ बोलावलं.

"धार जळली पाहिजे, अशी आमची रीत. खोटी धार देवाले नाही चालत. मी द्रोणात थोडी घेतली, काडी लावली. जाळच नाही दिसला. मी म्हटलं, पाणी हाये. बोट घातलं, तं बाई, बोट भाजलं! अन् द्रोण आपल्या आप काळा होऊन राहिला, गुंडाळून राहिला. आग नाही, धूर नाही, अन् पान जळून राहिलं! सांग बरं, कसं? भेव लागला मले. मी म्हटलं, देव नाही म्हणते. कोणी हात लावू नका. गुळाचं पाणी वाटा."

"मेथॅनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि दगडासमोर मटकन खाली बसले.

तृप्ती जानकीबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ओळख ना पाळख, म्हातारीही तिच्या केसांवरून भाजलेला हात फिरवत रडत होती. देवाजी जमिनीला हात लावून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मले वाटलं, मोह हाये. सरांचा मोह हाये. चिठ्ठीवर लिहिलंच होतं, जी."

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तृप्तीची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागितली, आणि पोलिसांचा विषय पुन्हा काढला नाही. फ्रीजरला कुलूप आलं. मोनिकाने कुल्फी कोणी खाल्ली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तृप्तीने पुन्हा पावडर तोलली, पुन्हा खुणेपर्यंत भरलं. दाराशी देवाजी उभा होता, आत यायचं धाडस होत नव्हतं. त्याच्यावर ओरडायचं असं तिने रात्रभर ठरवलं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि राहूनच गेलं.

मग तिने चिठ्ठी लिहायला घेतली. वर बी-पी-ए लिहिलं. खाली ती चार अक्षरं लिहिली नाहीत. मराठीत, ठळक, एकच शब्द लिहिला, आणि शेजारी तिला जमली तशी वेडीवाकडी कवटी काढली.

"देवाजीभाऊ, इकडे या. वाचा."

देवाजी वाकला. पहिलं अक्षर लावलं, मग दुसरं लावलं.

"वि... ष," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन टेबलापासून मागे सरला.

"बरोबर," तृप्ती म्हणाली, आणि ती चिठ्ठी बाटलीवर डकवली.